औंदाचा राब

वैशाखात कोळवणच्या खोऱ्यात कुणाचं कसं चाललंय हे घरी जाऊन विचारावं लागत नाही. धूर बघावा. भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घ्यायची, ही इथली रीत. शेण, वाळलेले डहाळे, पालापाचोळा आणि वर मातीचा पातळ थर असा राब अंथरायचा आणि ऐन उन्हात पेटवायचा. त्यानं जमीन भाजते, तणाचं बी जळतं, मृगात त्याच राखेत भात पेरतात, आणि पुढं ती रोपं सगळ्या खाचरांत लावतात. ज्याच्या खाचरातून धूर निघाला त्याची वर्षाची सोय झाली. ज्याच्या खाचरातून निघाला नाही त्याच्याबद्दल बोलायला पारावरची मंडळी मोकळी.

रेश्मा वडापच्या जीपमधून तेच बघत होती. सासरच्या भुकूमहून पौडापर्यंत एसटीनं आली, पुढं या जीपमध्ये कोंबून घेतलं. नऊ माणसांच्या गाडीत चौदा, आणि पत्रा असा तापलेला की खिडकीवर हात टेकवायची सोय नाही. खोरं सगळं भट्टीसारखं धगधगत होतं. ओढे कधीच आटले होते, खाचरांना भेगा पडल्या होत्या, आणि जागोजाग निळसर धूर वर चढत होता. फाट्यापासून तिसरं वळण आलं तशी ती पुढं वाकली. तिच्या आईच्या खाचरावर धूर नव्हता.

दरसाल राब भाजायच्या दिवशी ती माहेरी यायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एखादी दिवाळी चुकली असेल, पण हा दिवस चुकला नाही. औंदा मात्र धाकट्या भावाचा, किशोरचा फोन आला होता. "आक्के, येऊ नको. औंदा काय न्हाई." काय नाही म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही, आणि आई फोन उचलत नव्हती.

शेजारी धोंडाबाई बसली होती. ती माहेरच्या आळीतलीच, रेश्माच्या आईची जिवाभावाची. एरवी तिच्या तोंडाला झाकण नसायचं. आज ती पिशवीचे बंद पिळत गप्प बसली होती.

"मावशी, आयेचा राब झाला का भाजून?"

"तू घरी जा बाई."

"आवं पण झालं काय?"

"माझ्या तोंडानं कशाला? कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडं, सांग मला."

एवढं बोलून धोंडाबाईनं तोंड फिरवलं.

आता हा राब म्हणजे नुसती पालापाचोळ्याची रास नव्हे, हे सांगायला हवं. गेल्या दिवाळीत त्यांच्या घरी मोठं भांडण झालं होतं. तीस गुंठे भाताची जमीन, तीही रस्त्याला लागून. किशोरला ती विकायची होती. आईचं नाव रत्नाबाई, वय सत्तरीच्या आतबाहेर, आणि हट्ट असा की खांबाला समजूत पटेल पण हिला नाही. भाऊबंद जमले, दोन्हीकडून वाट्टेल ते बोलणं झालं, तेव्हा म्हातारी उठून उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ज्या साली माझा राब पेटणार न्हाई, त्या साली खुशाल इका. मी सोता आंगठा देईन." रत्नाबाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे सगळ्या आळीला माहीत होतं.

माघापासून तिनं राब जमवायला घेतला. पूर्वी डहाळे डोंगराच्या पायथ्याला मिळायचे. आता पायथ्याला फार्महाऊसवाल्यांनी तारा ठोकल्या होत्या, म्हणून ही मैलभर वर चढायची आणि डोईवर भारा आणायची. फाल्गुनात पाय घसरून पडली, उजवा हात मोडला. प्लास्टर घातल्यावर डाव्या हातानं शेण वेचू लागली. चार महिन्यांत तिनं एकटीनं खाचर अंथरून काढलं होतं.

रेश्मा जीपमधून उतरली ती घरी गेलीच नाही, थेट बांधावर गेली. खाचर उघडं होतं. उघडं म्हणजे कसं, तर झाडून घेतल्यासारखं लख्ख. काडी नाही, पान नाही, शेणाचा पो नाही. मातीत ट्रॅक्टरच्या चाकांचे वळ तेवढे उठलेले.

रत्नाबाई गोठ्याच्या सावलीला भिंतीला पाठ लावून बसली होती. प्लास्टरचा हात मांडीवर होता. मागं ताडपत्रीखाली तिची लाकडं रचलेली होती, शेजारी शेण्यांची, म्हणजे गोवऱ्यांची, थप्पी. ती लाकडं चुलीची नव्हती. सात वर्षांमागं रेश्माचे वडील श्रावणात गेले. मुळशीतला पाऊस, आठ दिवस उघडीप नाही, गावात कोरडं लाकूड नाही. रॉकेल ओतलं, टायर घातले, तरी चिता नीट पेटेना, आणि म्हातारीला ते सगळं बायकांच्या मागं उभं राहून ऐकावं लागलं. त्या सालापासून ती दर उन्हाळ्यात आपल्या सरणाची लाकडं आपणच सुकवून ठेवायची. म्हणायची, माझे असे हाल नकोत.

"आये, कुणी केलं गं?"

"आलीस व्हय. पानी पी आदी."

"पान्याचं ऱ्हाऊ दे. कुणी उचललं?"

"शेजारच्या सायबानं." रत्नाबाईचा आवाज कोरडा होता. "मी धोंडाबाईबरुबर पौडाला गेलते, हात दावाया. सांजच्याला येऊन बघते तर हे आसं. चार मजूर लावले म्हनं, ट्रॅक्टर लावला. सगळं न्हेऊन नदीकडच्या खड्ड्यात टाकलं आन तितंच पेटीवलं. भाजला गं माझा राब, पर खड्ड्यात भाजला."

"आन किशोर? किशोर तितंच कामाला हाय की!"

म्हातारी डाव्या हातानं प्लास्टरची कड खाजवत राहिली.

फार्महाऊस बांधाला लागूनच होतं. रेश्मा तरातरा चालत गेली. फाटकाच्या आत हिरवीगार लॉन, आणि त्या उन्हात तिच्यावर पाण्याची नळी धरून किशोर उभा होता. बहिणीला बघून त्यानं नळी खाली टाकली. पडवीत झोपाळ्यावर मालक बसले होते. जनार्दनराव मूळचे लातूरकडचे, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि शनिवार-रविवारचे शेतकरी.

"या या. तुम्ही किशोरच्या ताई ना?" ते हसून उठले. "बघितलं का शेत? काय लख्ख झालंय!"

रेश्माला वाटलं होतं, हा माणूस गुरगुरेल, कायदा दाखवील. ती भांडणाच्या तयारीनं आली होती. तो हसतो आहे म्हटल्यावर ती पडवीच्या पायरीशीच थांबली.

"सायेब, तुमी ते का उचललं?"

"अहो, म्हातारी बाई, हात मोडलेला. तिच्या शेतात एवढा काडीकचरा पडलेला. एखाद्यानं विडी टाकली असती तर पेटलं नसतं का सगळं? मी पण शेतकऱ्याचाच मुलगा आहे ताई. आमच्याकडं उन्हाळ्यात धसकटं वेचून रान असं स्वच्छ करतात की अंथरूण टाकून झोपावं. म्हटलं, आपली माणसं लावावी, मावशींना तेवढीच मदत. पैसे घेणार नाही हं मी."

"तो कचरा नव्हता," रेश्मा म्हणाली. "राब व्हता तो. पेटवायसाठीच ठेवला व्हता." आणि मग तिनं सगळं सांगितलं. रोप कसं करतात ते सांगितलं, मैलभरावरचे भारे सांगितले, आईनं दिलेला शब्द सांगितला.

जनार्दनरावांचा चेहरा उतरत गेला. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर त्याला चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं.

"मला खरंच माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मी खत आणून देतो. नाहीतर रोपं विकत आणू, गाडी पाठवतो."

"खतावं तन बी तेवढंच माजतं सायेब. एका हातानं म्हातारी किती बेननार? आन रोप जो तो आपल्यापुरतंच टाकतो. इकाया कोन बसलंय?"

"पण किशोर तिथंच होता. त्याला मी विचारलं, काढायचं का हे? तो हो म्हणाला."

नळीचं पाणी लॉनवर वाहत होतं. रेश्मा भावाकडं वळली. किशोर तिच्याकडं बघत नव्हता.

"तू व्हय म्हनालास?"

"म्हनालो." त्यानं मान वर केली. "काय करू मग? चार म्हैने चिखलात मरायचं, आठ म्हैने धूळ खायची. किती पोती व्हत्यात त्यात? बायको भुकूमला खोली घेऊ म्हनती, पोरींच्या शाळंसाठी. तुला काय जातंय बोलाया? तुझ्या सासऱ्यानं इकली तवा तू का न्हाई आडवी पडलीस?"

"न्हाई पडले," रेश्मा म्हणाली. "त्याचंच भोगतीया. त्या पैशाचे चार मजले हायेत, बारा बिऱ्हाडं हायेत. आन मामंजी पहाटं उठून, तोंड धुऊन, खाली पार्किंगात खुर्ची टाकून बसत्यात. दिसभर दुसऱ्यांच्या गाड्या बघत्यात. कुणी भाडेकरू खाली आला की इचारत्यात, तुमच्या गावाकडं पाऊस हाय का वो? उठून जायाला जागाच उरली न्हाई रं त्यास्नी. आयेला आसं बसवनार हायेस?"

पश्चिमेला डोंगराच्या कडेवर एक काळसर ढग डोकावत होता. वळवाची एक सर आली की जमीन भिजणार, मग राब जमवूनही भाजता येणार नव्हता. आणि जमवायचा तरी कशातून? सगळ्या खोऱ्यातलं शेण आणि डहाळा ज्याच्या त्याच्या खाचरात जळून गेला होता. रेश्मा तशीच मागं फिरली. चालताना तिला रडू आवरेना, आणि तिनं ते आवरलंही नाही.

घराजवळ आली तर गोठ्यामागून काहीतरी ओढल्याचा आवाज येत होता. रत्नाबाईनं ताडपत्री बाजूला टाकली होती. एक ओंडका काखेत मारून ती तो खाचराकडं ओढत नेत होती. आधी दोन नेऊन टाकलेले दिसत होते.

"आये! आगं ती लाकडं..."

"लाकडंच हायेत ती. कुऱ्हाड घे. बारीक फोडाया पायजेत, ओंडक्यानं माती एकसारखी भाजत न्हाई."

"आये, नको. ती तू..."

"माझी हायेत. म्या वाळवली, म्या ठेवली. मी ठरवीन कशाला जाळायची." म्हातारी धापा टाकत थांबली. घामानं तिची चोळी पाठीला चिकटली होती. "त्या शेण्या आन पाटीत. कुस्करून पसर तळाला. गोठ्याच्या छपरावला पेंढा बी काढ. ढग बघितलास का? आरडत बसाया वेळ न्हाई."

रेश्मानं पदर खोचला. एकोणीस वर्षांत तिनं कुऱ्हाड धरली नव्हती, पहिल्या दहा घावांतच तळहाताला फोड आले. ती फोडत गेली, म्हातारी एका हातानं पसरत गेली. शेण्यांचा थर, त्यावर ढलप्या, त्यावर पेंढा. धोंडाबाई आपल्या बांधावरून बघत होती, ती काही न विचारता फावडं घेऊन आली आणि वर माती घालू लागली. तिघी मिळून दोन तास मर मर मेल्या तेव्हा अर्धं खाचर झाकलं. शेण्या संपल्या होत्या, लाकडंही संपली होती.

तेवढ्यात किशोर बांधावर आला. आधी त्यानं खाचर बघितलं. मग त्याची नजर गोठ्यामागं गेली. ताडपत्री रिकामी पडली होती. त्याच्या लगेच ध्यानात आलं. बापाच्या चितेपुढं रॉकेलचा डबा घेऊन तोच उभा होता.

"आये, हे काय केलंस गं?"

रत्नाबाईनं कमरेची काड्यापेटी काढली आणि त्याच्यापुढं धरली.

"धर."

"आये..."

"ही लाकडं तशीबी तुझ्याच हातनं पेटायची व्हती. मी मेल्याव पेटीवली काय आन आत्ता पेटीवली काय. घे. लाव काडी."

किशोरच्या खिशात फोन वाजायला लागला. साहेबांचाच असणार, कारण तो नळी तशीच वाहती टाकून आला होता. फोन वाजून वाजून थांबला. किशोरनं काड्यापेटी घेतली. मूठभर माती उचलून हवेत सोडली, वारा कुठून आहे ते बघितलं, आणि वाऱ्याच्या उलट अंगाला, पलीकडच्या बांधाशी जाऊन बसला. आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू चालली पाहिजे, तरच जमीन भाजते, हे तो विसरला नव्हता. पहिली काडी विझली, दुसरी विझली. तिसरीला पेंढ्यानं धरलं.

धूर आधी पांढरा निघाला, मग निळा झाला. फार्महाऊसच्या पडवीवरून तो सरळ वर चढला. जनार्दनराव झोपाळ्यावरून उठून कठड्याशी येऊन उभे राहिले, पण हाक त्यांनी मारली नाही. किशोर बांधावर गुडघ्यात डोकं घालून हमसून रडत होता आणि त्याला कुणी उगी म्हणत नव्हतं.

"अर्धंच झालं गं आये," रेश्मा म्हणाली.

"आर्धं तर आर्धं. आर्धी खाचरं लावू, आर्धी ऱ्हातील. पेटला न्हवं औंदाचा राब? मग आंगठा माझा मलाच ऱ्हाऊ दे." रत्नाबाई तिथंच ढेकळावर टेकली. प्लास्टर काळं झालं होतं, ते तिनं मांडीवर घेतलं आणि रिकाम्या ताडपत्रीकडं बघत म्हणाली, "सगळा पावसाळा जायाचा हाय अजून. आता भात घरात येईस्तवर मला मरायची चोरी झाली."