सल्फेटचं धुतलेलं पोतं

मी तागाचं एक पोतं बोलतोय. माझ्यामुळे एक गाय गेली. ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझ्यात अमोनियम सल्फेट हे खत होतं. दगडी कोळसा भाजताना निघणारा वायू गंधकाच्या आम्लातून सोडतात. त्यातला अमोनिया आम्लात अडकतो आणि साखरेसारखे पांढरे खडे तयार होतात. ते माझ्यात भरले, तोंड शिवलं आणि आगगाडीने मला नगर जिल्ह्यात धाडलं. दुसऱ्या महायुद्धाचं पाचवं वर्ष चालू होतं. खत मोजून मिळे, आणि रिकामं पोतंसुद्धा कुणी टाकत नसे.

कोल्हारच्या भीमाने मला घरी नेलं. त्याच्या उसाला माझं खत मानवलं. पंधरवड्यात पिवळी पानं हिरवीगार झाली. तो बांधावर उभा राहून बघत बसे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

घरात बायको बनुबाई आणि चार महिन्यांचा नातू. मुलगी बाळंतपणात गेलेली. मूल तांबड्या गाईच्या दुधावर होतं.

खत संपलं, पण ओलीने घट्ट झालेले खडे माझ्या तळाला चिकटून राहिले.

"शेर-दीड शेर तरी हाय," भीमा म्हणाला. "पोतं भिजव, पानी वांग्यांना घाल. टाकू नगं."

"तुमी तर पोतं पिळून दूध काढाल!" बनुबाई हसली. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदाच हसली असावी.

तिथे पोती धुवायची ती गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत. तळाच्या भोकातला बोळा काढला की पाणी थेट वाफ्यात जातं, थेंबही वाया जात नाही. बनुबाईने मला डोणीत बुडवलं. खडे विरघळू लागले. तेवढ्यात मूल रडलं, ती आत गेली. गाय चरून तहानलेली परतली. खारट पाणी गुरांना आवडतं. ती पीत राहिली. तिचं नाक मला लागत होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं.

पोटात गेल्यावर त्या खतातून पुन्हा अमोनिया सुटला आणि विषासारखा अंगात भिनला. गाय थरथरू लागली, तोंडाला फेस आला. दिवस मावळायच्या आत संपली.

"म्याच म्हनलं, टाकू नगं," भीमा म्हणत राहिला.

"भिजवलं तर मी ना!" बनुबाई म्हणे.

दोघांनी एकमेकांना बोल लावला नाही. मलाही कुणी लावला नाही. खडे धरून ठेवले होते ते मीच.

आता शेजारची साळूबाई शेळीचं दूध आणून देते. मूल ते पितं, निम्मं ओकतं. उचललं की हाताला हलकं लागतं.

भीमा मला चुलीत घालायला निघाला होता. बनुबाईने मला हिसकावून घेतलं. "पोराच्या खाली काय घालू मग? भुईला ओल हाय."

पाच पाण्यांनी धुऊन तिने मला अंथरलं.

माझ्यासारखं पोतं गुरांच्या पाण्यात धुऊ नका, एवढंच मागणं आहे. क्षमा मागावी असं वाटतं, पण कोणाकडे मागू? मूल आत्ता माझ्यावर झोपलंय. त्याला ऊब द्यायचा मला हक्क नाही, हे मी जाणतो. पण खालून ओल येते आहे. म्हणून मी पडून आहे.