खरवडलेली जागा

लाल दिवा विझला नाही, नुसता मंदावला. किल्ली फिरवली की काचेमागे बॅटरीच्या चित्राचा जो बारका दिवा लागतो तो डाळिंबाच्या दाण्यासारखा क्षणभर लालभडक राहिला, मग आतून कुणी वात खाली ओढावी तसा काळवंडत गेला, आणि इंजिनाच्या बाजूने एकच आवाज आला – टक्. मग काही नाही. मृण्मयीने किल्ली मागे घेतली, पुन्हा फिरवली. टक्.

तिला पहिल्यांदा जे वाटलं ती निराशा होती. गाडी बंद पडल्याची नव्हे… गाडीने उपेंद्रची बाजू घेतल्याची.

बाबा गेल्यापासून ती रोज सकाळी पार्किंगमध्ये येऊन ही गाडी सुरू करत होती. आईला वाटे, पोरगी बाबांच्या सीटवर बसून रडून घेते. ती रडत नव्हती. ती पुरावा गोळा करत होती. मार्गशीर्षातल्या त्या पहाटे बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा उपेंद्र, तिचा थोरला भाऊ, घरात होता, ती पुण्यात होती. त्याने नंतर सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं: गाडी सुरूच झाली नाही. मग शेजारच्या शेखरकाकांना उठवलं, त्यांच्या गाडीतून नेलं, आणि डॉक्टर म्हणाले की जरा आधी आणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मृण्मयीने ही किल्ली फिरवली तर गाडी एका झटक्यात सुरू झाली. तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर रोज. ती कुणाला काही बोलली नाही, पण जेवताना समोर बसलेल्या दादाकडे बघताना घास चावण्याआधी तिचे दात एकमेकांवर बसत.

कारण दादाला ती ओळखत होती. ‘बघू’ हा त्याचा आवडता शब्द. पित्त असेल म्हणाला असेल, ओवा दिला असेल, पुन्हा आडवा झाला असेल – आणि मग गाडीवर ढकललं असेल. आई सांगायची, “उपेंद्रला उठवलं, तो खाली पळाला, आणि बराच वेळ वर आलाच नाही गं.” बराच वेळ. गाडी सुरू होत नाही हे कळायला कितीसा वेळ लागतो? उद्या ती पुण्याला परत जाणार होती, आणि आज जेवणं झाल्यावर हे सगळं त्याच्या तोंडावर बोलून संबंध संपवायचा हे तिने ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा तयार होती. आयुष्यभर पुस्तकं वाचणाऱ्या बाईची वाक्यं, एकही शब्द जास्तीचा नसलेली.

आणि आज – टक्.

तरीही तिने वाल्मीकला फोन केला. पंचवटीतला वाल्मीक म्हणजे बाबांचा मेकॅनिक, मूळचा देवळ्याकडचा. थंडीत कानाला मफलर बांधून तो बाइकवरून गंगापूर रोडला आला आणि बॉनेट उघडायच्या आधीच निकाल देऊन मोकळा झाला.

“बॅटरी गेली ताई.”

“उघडून तर बघा.”

“बघतो ना. पण बॅटरीच हाय, लिहून घ्या.”

मीटर लावल्यावर बॅटरी ठणठणीत निघाली. मग तो म्हणाला, स्टार्टर. खाली वाकून त्याने पान्याच्या दांड्याने स्टार्टरला दोन दणके दिले. “आता मारा सेल्फ.”

टक्.

“आयला.”

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आईचा आवाज आला. “अरे वाल्मीक, ती गाडी आहे, उखळ नव्हे. ह्यांनी कधी हात उगारला नाही तिच्यावर.”

“काकू, काकांनी लाडावून ठेवली ना तिला, म्हणून तर अशी करते!”

“बरं, ठोक. चहा टाकते.” आई आत गेली. हसत गेली, निदान पाठ तरी हसरी वाटली… गेल्या कित्येक दिवसांत आई अशी बोलली नव्हती.

वाल्मीक बॅटरीमागे हात घालून पान्याने काही चाचपत होता, तोल सावरायला त्याने एका जाड काळ्या वायरीवर भार दिला आणि ओरडला, “मारा!” गाडी घर्र करून सुरू झाली. बंद केली, त्याने हात काढला, पुन्हा मारली – टक्. त्याने वायर दाबली, सुरू. सोडली, टक्. मग त्याचा चेहरा उजळला.

“अर्थिंग! ही वायर बॅटरीकडून येऊन बॉडीला टेकते ना ताई, तिथंच करंट अडतोय. थंडीत जास्तच. या, बघा.”

ती उतरून वाकली. एका बोल्टखाली दाबलेली वायर, आणि बोल्टभोवती पांढरट-हिरवट खपली, जुन्या पितळी भांड्यावर चढते तशी. खपलीच्या थरांमध्ये पिवळं काहीतरी होतं, आणि लाल. तो रंग तिने ओळखला आणि त्याच क्षणी ओळखला नसता तर बरं, असंही वाटलं.

“हळद हाय,” वाल्मीक मोठ्याने हसला. “दर दसऱ्याला नारळाचं पाणी आतच ओततात काकू. ते वाळतंय, धातू खातंय. पार खाऊन टाकलं!”

“हळू बोला.”

तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, इतक्या घाईने ती बोलली. वर पाहिलं. गॅलरी रिकामी होती.

दसऱ्याला सगळे लोक गाडीच्या नाकावर हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आईला ते पटत नसे. पूजा यंत्राची करायची, पत्र्याची कसली, असं म्हणून ती बाबांना बॉनेट उघडायला लावी, आत हळदकुंकू वाही, आणि नारळ फोडून त्याचं पाणी ओंजळीने शिंपडे. बाबा शेजारी हात जोडून उभे. ‘गंजेल गं,’ म्हणत, पण हसत. आणि आई आरतीचं ताट घेऊन वर गेली की खिशातून फडकं काढून सगळं पुसून घेत. लहानपणी मृण्मयी ते बघायची. तिला वाटायचं तोही पूजेचाच भाग. अलीकडे त्यांना वाकवत नव्हतं – कंबर… आणि पुसायचं असतं हे त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. बायकोचं मन मोडायचं नाही म्हणून.

मग तिला दिसलं की बोल्टच्या एका बाजूला खपली नाही. तिथे उघडा धातू चमकत होता, वेड्यावाकड्या चऱ्यांनी भरलेला.

“हे तुम्ही आत्ता केलंत?”

“नाय हो. मी कुठं लावलाय हात तिथं? कोणीतरी आधीच खरवडलंय, अडाण्यासारखं. बोल्ट न सोडता साफ होतंय होय? पण तेवढ्यावर चालली असेल इतके दिवस.”

इतके दिवस. रोज सकाळी, एका झटक्यात.

तर तो इथे वाकला होता. त्या पहाटे, मोबाइलच्या उजेडात, वर बाबा… बराच वेळ. की नंतर, त्याच रात्री, सगळे निजल्यावर? पहाटे असेल, खरवडूनही गाडीने दाद दिली नसेल, तर तो खरं बोलत होता. नंतर असेल तर आईपासून आपण काय लपवतोय हे त्याला पुरतं माहीत होतं. दोन्हीत त्याला हा रंग दिसला असणार, आणि त्यानंतर तो रोज माझ्यासमोर जेवायला बसला, माझी नजर झेलत, आमटी वाढ म्हणत. कुणी सांगितलं होतं त्याला एवढं मोठं व्हायला? तिने पाठ केलेली वाक्यं अजून तशीच होती, तयार, नीटनेटकी. त्यांना नुसतं माणूस बदलून हवं होतं. मनातल्या मनात तिने ती आईसमोर ठेवून पाहिली. एक शब्द इकडचा तिकडे न करता ती चपखल बसली.

लिफ्टचं दार वाजलं. उपेंद्र चहाचा ट्रे घेऊन आला. त्याने आधी वायरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग वर गॅलरीकडे.

“सापडलं?”

वाल्मीकने तोंड उघडलं.

“वायर सैल होती,” मृण्मयी म्हणाली.

वाल्मीकने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मफलर सारखा केला. “हां… सैलच म्हणायची.” आणि कप उचलून तो बोल्ट सोडवायला पाना शोधू लागला.

आई पुन्हा गॅलरीत आली होती. “काय निघालं गं?”

“काही नाही आई,” उपेंद्रच बोलला, “थंडीने धरते ती.”

“माझ्यासारखीच म्हणायची!”

दोघंही हसले, आईला दिसेल इतपत. मग उपेंद्र पार्किंगच्या कठड्याला टेकून चहा पिऊ लागला. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. हे केव्हा झालं? ती वाट पाहत राहिली, आता काहीतरी ओलं, मऊ आतून येईल म्हणून. आलं नाही. राग होता तेव्हा निदान तिला सोबत होती – रात्री कूस बदलली तरी तो शेजारी असायचा. आता त्या जागी काहीच नव्हतं. आणि बाबा, जे इतके दिवस या सगळ्याच्या मागे कुठेतरी थांबून राहिले होते, ते पहिल्यांदाच खरोखर गेलेले वाटले.

विचारायचं एवढंच होतं: त्या पहाटे की नंतर? प्रश्न जिभेवर आला. पण आज तो जे सांगेल त्यावर आपला विश्वास बसेल, हे तिला स्वच्छ कळलं, आणि त्याच भीतीने ती कपातला निवलेला चहा घोट घोट पीत राहिली.