दुसऱ्या बाटलीतली गोळी

दत्तोपंतांनी पोरीच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरली आणि भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढली. नवी रेघ जुन्या रेघेवरच बसली. त्यांनी पट्टी खाली ठेवली, पण लगेच वळले नाहीत. मागं बाकड्यावर पोरीची आई लक्ष्मम्मा बसली होती. ती भिंतीकडं नाही, आपल्या पाठीकडं बघत असणार, हे त्यांना न वळताही कळत होतं.

"वाढली का, डागदरसाहेब?"

"या खेपेला नाही."

"मागल्या खेपेला बी न्हाईच म्हणलात."

दत्तोपंतांनी गंगम्माचा हात हातात घेतला. बाहेर चैत्राचं ऊन पेटलं होतं, तरी पोरीचा हात गार होता आणि कातडी खरखरीत. त्यांनी तिला नावानं हाक मारली. तिनं मान वर केली खरी, पण तोवर रस्त्यावरून जाणारी बैलजोडी दवाखाना ओलांडून पुढं गेली होती.

गंगम्मा बारा वर्षांची होती आणि जेमतेम आठ वर्षांची दिसत होती. सहाव्या वर्षापर्यंत ती चारचौघींसारखी वाढली, मग थांबली. चेहरा सुजल्यासारखा झाला, आवाज घोगरा झाला, दिवस दिवस एका जागी बसून राहू लागली. लक्ष्मम्मा आणि तिचा नवरा मलप्पा यांनी देव केले, अंगारे लावले. शेवटी पोरीला देवणीच्या सरकारी दवाखान्यात आणलं, तेव्हा नांदेडहून नुकतेच बदलून आलेले दत्तोपंत तिच्या गळ्यावरून बोटं फिरवत म्हणाले होते की इथं एक ग्रंथी असते, तिच्या रसावर माणूस वाढतं. हिची ती कामातून गेली आहे.

हैदराबादेत दत्तोपंतांना शिकवणारे प्रोफेसर याच विकारावर संशोधन करत होते. त्यांनी विलायती गोळ्या पाठवल्या. वर्षभरात गंगम्माच्या परकराची दुमड उसवून खाली सोडावी लागली. एका सकाळी ती दवाखान्यात पळत आली आणि तिनं डॉक्टरांपुढं तोंड उघडून आलेला नवा दात दाखवला. दत्तोपंतांनी त्या दिवशी जेवताना बायकोला दोनदा त्या दाताबद्दल सांगितलं.

मग प्रोफेसरांचा निरोप आला. गोळी थांबवा. त्याच रंगाची, दुधाच्या साखरेची दुसरी गोळी पाठवतो आहे, ती द्या आणि पोरगी पुन्हा खालावते का बघा. आईला कळू देऊ नका. कळलं तर ती जिवाचं रान करून दुसरे उपाय करील आणि कशानं काय झालं ते समजायचं नाही.

दत्तोपंत रजा काढून हैदराबादला गेले होते. लहान मूल आहे ते, असं त्यांनी सांगून पाहिलं. प्रोफेसर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे समजावलं. लढाईमुळं विलायतेचा माल दुर्मिळ झाला आहे. ठोस पुरावा असल्याशिवाय सरकार या गोळ्या मागवणार नाही, आणि मुलखात अशी पोरं किती आहेत ते कुणाला ठाऊक?

"चंद महीनों की बात है, दत्तोपंत. फिर असली गोली शुरू कर देंगे."

दत्तोपंतांना ते पटलं होतं. हैदराबादेत बसून पटलं होतं.

आता ते टेबलाकडं वळले. आजच खरी गोळी पुन्हा सुरू करायची, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. कुणाला काही सांगायचं कारण नव्हतं. पुडी बांधून द्यायची, पोरगी महिन्या-दोन महिन्यांत सावरली असती आणि सगळं मिटलं असतं. त्यांनी खऱ्या गोळ्यांच्या बाटलीकडं हात नेला, तेवढ्यात लक्ष्मम्मानं पदराची गाठ सोडून मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्यांची पुडी टेबलावर ठेवली.

"ह्या परत घ्या. आता नगं गोळी."

"का?"

"बसवंतनं आमच्या मालकाला सांगितलं, गोळी मेंढराच्या गळ्याची हाय म्हणून." बसवंत दवाखान्याचा कंपाउंडर. आतल्या खोलीत चाललेला त्याच्या खलबत्त्याचा आवाज एकदम थांबला. "आमी लिंगायत माणसं. मालक म्हणले, बंद कर. मी न्हाई केली. पोरगी पळाया लागली होती, बोलाया लागली होती, कशी बंद करू? म्हणलं, पाप मला लागू दे. गुळात घालून चोरून दिली." तिनं पोरीकडं बोट केलं. "आता बगा. देवानं मला न्हाई धरलं. तिला धरलं."

"बाई, हे गोळीनं झालेलं नाही."

"मग कशानं?"

दत्तोपंत खुर्चीवर बसले आणि पुन्हा उठले.

"गोळी मिळाली नाही म्हणून झालं."

"मी तर रोज देते. एक दिस चुकले न्हाई."

"तुम्ही चुकला नाहीत. मी तुम्हाला खोटी गोळी दिली. नुसती साखर. संक्रांतीपासून."

लक्ष्मम्मा त्यांच्याकडं बघत राहिली. आपण ऐकलं ते बरोबरच ऐकलं का, हे ती मनात ताडून बघत असावी.

"पोरगी दुखण्यात पडावी म्हणून?"

"गोळीनंच गुण येतो, हे कळावं म्हणून."

"कुणाला कळावं? मला तर ठाव होतं."

तिनं आवाज चढवला नाही. गंगम्माचं मनगट धरून ती उठली आणि दाराकडं चालू लागली. पोरगी तिच्यामागं पाय ओढत गेली. ही आता दाराबाहेर पडली की पुन्हा येणार नाही, हे दत्तोपंतांना स्वच्छ दिसत होतं. थांबा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण तो शब्द उच्चारायचा आपल्याला हक्क उरला आहे असं त्यांना वाटेना.

उंबऱ्यावर लक्ष्मम्मा स्वतःच थांबली.

"खरी कुटली?"

त्यांनी बाटली उचलून दाखवली.

"आदी तुमी खा."

दत्तोपंतांच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नसे. त्यांनी बाटलीतून गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि पाण्याशिवाय गिळली. लक्ष्मम्मा त्यांच्या गळ्याकडं बघत होती. गोळी खाली उतरलेली दिसल्यावर ती परत आत आली. तिनं हात पुढं केला, अख्खी बाटली घेतली आणि ओच्यात खोचली.

"मालकाला मी बगते," एवढंच ती म्हणाली. रोज किती द्यायची ते ऐकून घेतलं आणि निघून गेली.

पावसाळाभर ती फिरकली नाही. बाजाराच्या दिवशी तिच्या गावाकडची माणसं दवाखान्यात यायची, दत्तोपंत त्यांचा खोकला-पडसं बघायचे आणि मलप्पाच्या घरचं काही विचारायचं टाळायचे. पोरगी गोळी घेते की नाही, मलप्पानं बाटली फेकून दिली की काय, काहीच कळायला मार्ग नव्हता. एकदा त्यांनी घोडं काढलं, तिच्या गावच्या ओढ्यापर्यंत गेले आणि परतले.

गोळ्या संपत आल्या तेव्हा लक्ष्मम्मा आली. पुढं गंगम्मा चालत होती, अंगात नवा परकर होता. ती दत्तोपंतांकडं बघून हसली. लक्ष्मम्मा बाकड्यावर बसली नाही. दारातच उभी राहून महिन्याच्या गोळ्यांची नवी बाटली घेतली आणि दत्तोपंतांनी त्यातली एक गोळी गिळेपर्यंत हलली नाही. त्यानंतर दर खेपेला हेच झालं.

दिवाळीनंतर प्रोफेसर उदगीरहून मोटारीनं आले. खरी गोळी पुन्हा सुरू केल्याचं दत्तोपंतांनी त्यांना कळवलं होतं; ते कॅमेरा घेऊनच आले होते. त्या दिवशी लक्ष्मम्माची खेप होतीच. प्रोफेसरांनी गंगम्माचे हात, दात, केस, डोळे बघितले, तिला चालायला लावलं, बोलायला लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"चढ़ी, गिरी, फिर चढ़ी. इससे अच्छा सबूत क्या होगा? तुमने तजुर्बा पूरा कर दिया."

आपण प्रयोग मोडला, असं दत्तोपंत इतके महिने समजत होते.

"इसे धूप में खड़ा करो. तसवीर लेनी है. ये सब के सामने जाएगी."

"माँ को पूछना पड़ेगा, साहब."

"अब पूछोगे?" प्रोफेसर हसले. त्यात कुत्सितपणा नव्हता. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

दत्तोपंत दारापाशी गेले. हैदराबादचे मोठे डॉक्टर आहेत, त्यांना पोरीचा फोटो काढायचा आहे, तिची हकीकत मोठमोठ्या डॉक्टरांच्या सभेत सांगायची आहे, असं त्यांनी लक्ष्मम्माला सांगितलं. नाही म्हणालात तरी गोळ्या मिळतील, त्या मी देईन, हेही सांगितलं.

"आशी पोरं अजून हायत?"

"आहेत. पुष्कळ."

अंगणात गंगम्मा मोटारीच्या दिव्यात वाकून स्वतःचं तोंड बघत होती आणि खिदळत होती. लक्ष्मम्मानं तिच्याकडं पाहिलं.

"काढा मग फोटू. पर खोटी गोळी दिली, मला न सांगता दिली, ते बी लिवा. तेवढं लिवनार नसाल तर न्हाई."

"क्या कहती है?" कॅमेऱ्याची तिपाई मांडत प्रोफेसरांनी विचारलं.

प्रोफेसरांना मराठी येत नव्हतं. लक्ष्मम्माला उर्दू येत नव्हतं. मधे दत्तोपंत एकटेच उभे होते, आणि ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"राज़ी है, साहब," ते म्हणाले. "मगर एक शर्त पर."