कुंकवातलं तूप

आमच्या ह्यांचा नंबर एकोणचाळीस होता. कारखान्यात तोफगोळ्याच्या फ्यूजचे पितळी तुकडे हे तपासायचे आणि बरोबर निघालेल्या तुकड्यावर पोलादी पंच ठेवून हातोडीने तो आकडा उठवायचे. फ्यूज गोळ्याच्या नाकाशी बसतो आणि गोळा कधी फुटायचा ते ठरवतो, एवढं मला लग्नानंतर कळलं. तुकडा बारीक निघाला तर आत हलतो, आणि हलला तर गोळा तोफेतच फुटू शकतो, हेही यांनी एकदा जेवताना सांगितलं होतं. नीलकंठराव जेवताना असलंच बोलत. "एकदा माझा आकडा उठला का तो तुकडा माझा," असं म्हणत आणि वर भात मागत. पंच संध्याकाळी जमा करावा लागे, पण त्याचा काळा डाग शर्टाच्या खिशावर रोज घरी यायचा. तो घासायचं काम माझं.

जबलपुरात, गोरखपूर मोहल्ल्यात आम्ही भाड्याने राहायचो. वरच्या खोलीत दिवाकरसर होते. मूळचे अमरावतीचे, ख्रिस्ती, एकटे, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांचा खास विषय म्हणजे युरोपातल्या सात-आठशे वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती साधूंचं तत्त्वज्ञान. वर्गात विद्यार्थी चार, त्यातले दोन हजेरीपुरते. रविवारी चर्चमधून आले की आमच्याकडे पोहे खायचे, आणि मी त्यांना छळायची. "सर, त्या साधूंना त्यांच्या गावात कोणी विचारत नसेल, इथे जबलपुरात कोण विचारणार?"

"कोणी विचारत नाही म्हणून तर माझी नोकरी टिकून आहे, वहिनी," सर म्हणायचे. "कोणाला ती पाहिजेच नाही."

एकाहत्तर साल होतं. लढाई सुरू व्हायची होती, पण कारखान्याला ती आधीच कळली होती. बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या. माझा धाकटा भाऊ मोहन तोफखान्यात होता. पूर्वेकडे कुठेतरी गेला होता आणि महिन्यात एक कार्ड यायचं, त्यात फक्त खुशाली. माझं डोकं त्या वर्षी ठिकाणावर नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. ही सबब नाही. असंच होतं.

दसऱ्याला कारखान्यात हत्यारांची पूजा होते. यंत्रं, हातोड्या, मापं, सगळ्यांना कुंकू आणि फूल. मग त्या दिवशी त्यांना कोणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलने धुऊन, तपासून, मग काम. यांच्या विभागाचं कुंकू दरवर्षी आमच्या घरून जायचं आणि पूजा करायचा म्हातारा तुळशीराम मिस्त्री. त्या वर्षी मात्र अर्ध्या तासात पूजा उरका आणि लगेच कामाला लागा, असा हुकूम होता. सकाळी डबा भरताना हे म्हणाले, "कुंकू कोरडंच दे. धुवायला वेळ नाही भेटणार. नुसतं फडक्यानं पुसता आलं पाहिजे."

मी हो म्हटलं. हे अंघोळीला गेले आणि मी कुंकवात दोन बोटं तूप घालून कालवलं.

का, तर कोरडं कुंकू लोखंडावर ठरत नाही. दोन वर्षांपूर्वी ते पूजेतच गळून पडलं होतं, असं तुळशीरामने घरी येऊन सांगितलं होतं. मोहन तोफेपाशी उभा असताना हत्यारावरचं कुंकू गळावं, हे मला सहन होणारं नव्हतं. यांना सांगितलं असतं तर हसले असते. म्हणून डबीचं झाकण घट्ट लावलं आणि वर कोरड्या कुंकवाची चिमूट भुरभुरली, वरून कोरडं दिसावं म्हणून. दिवाकरसर आमच्या दाराशी पेपर वाचत बसले होते. त्यांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा पेपरात घातली.

त्यानंतरच्या रविवारी पोहे खाता खाता हे हसत हसत सांगू लागले. "सर, काल माझा गेज तपासणीला गेला. तिथला माणूस म्हणते, भैया, इसमें तो देवीजी बैठी हैं."

गेज म्हणजे त्यांचं माप. घोड्याच्या नालासारखं दिसायचं, त्याला दोन तोंडं. एका तोंडातून तुकडा आरपार गेला पाहिजे, दुसऱ्यात तो शिरता कामा नये. शिरला म्हणजे तुकडा बारीक, फेकून द्यायचा. त्या दुसऱ्या तोंडाच्या कोपऱ्यात लाल काहीतरी दिसलं होतं. तपासणाऱ्याने ते रॉकेलने पुसलं आणि गेज परत दिला. तोंडात घाण बसली की ते अरुंद होतं, आणि मग बारीक तुकडाही शिरत नाही, बरोबर म्हणून पास होतो. हे समजायला मला कोणाची गरज लागली नाही. माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

"मग?" सरांनी विचारलं.

"मग काय. कोरडं कुंकू हो. पुसलं का जाते. कोपऱ्यात राहिलंच असंल तर पहिल्या ट्रेमध्ये झडून गेलं असंल. पूजेनंतरचा पहिला ट्रे मी बाहेर काढला, पुन्हा पाहिला. सगळे बरोबर. बाकी माल उद्या दुपारी गाडीत चढते." मग हे सरांकडे वळले. "चलो, आता तुमचे साधू काय म्हणतात ते सांगा. मी दोषी का निर्दोष?"

सरांनी बशी खाली ठेवली. शिकवायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. "बाराव्या शतकात पॅरिसला एक पंडित होता. तो म्हणायचा, पाप हातात नसते, मनाच्या होकारात असते. समजा अंधारात तुम्ही दोरी समजून मित्राच्या हातात साप दिला. मित्र मेला, पण तुम्ही खुनी नाही. त्या काळी लोक नुसतं काय घडलं ते मोजायचे. यानं विचारलं, मनात काय होतं?"

"झालं, सुटलो," हे म्हणाले.

"थांबा. शंभरेक वर्षांनी दुसरा आला, इटलीकडचा, अंगानं जाड, वर्गात गप्प बसणारा. त्यानं एक प्रश्न वाढवला. साप आहे हे माहीत नव्हतं, ठीक. पण काहून माहीत नव्हतं? दिसण्यासारखं नव्हतं, का दिवा लावायचा कंटाळा केला? का दिवा लावला तर दिसेल म्हणून लावलाच नाही? पहिलं अज्ञान माफ आहे. शेवटचं पाळलेलं असते, नीलकंठराव. त्याला आपणच खाऊपिऊ घालतो."

"हे सगळं आता कोण विचारते?"

"कोर्टात रोज विचारतात. माहीत होतं का, माहीत असायला पाहिजे होतं का. साधूंचं नाव गेलं, प्रश्न राहिला. तुमचा पंच तरी काय सांगते? तुकडा चांगला आहे, हे तर तुकडाच सांगेल. एकोणचाळीस म्हणजे, मी पाहिलं आहे."

यांना ते फार आवडलं. "अच्छा, मी पाहिलं आहे," असं दोनदा म्हणाले आणि समाधानाने दुसऱ्यांदा पोहे मागितले. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं, आणि मला त्यांचा असा राग आला की चहात साखर घालायची मी विसरले.

दुपारी हे झोपले आणि मी जिना चढून वर गेले. सर दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"तुम्ही पाहिलं होतं," मी म्हटलं.

"हो."

"मग तिथंच सांगायचं. उगीच साधूंच्या आडून मला बोलून राहिले. तुमच्या साधूंना बायको नव्हती, भाऊ नव्हता लढाईवर. बसून विचार करायला त्यांचं काय जाते? ह्यांचं प्रमोशन आहे या महिन्यात. आणि एकही तुकडा बारीक नसंल तर?"

"नसेलही," सर म्हणाले. "वहिनी, मी तुमच्यासाठी नाही बोललो. माझ्यासाठी बोललो. तुम्ही तूप घातलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं, मापाला तूप लागलं तर चालते काय? विचारणार होतो. पण वाटलं, आपण ख्रिस्ती माणूस, यांच्या पूजेत काहून तोंड घालावं? वाईट दिसेल. म्हणून पेपर वाचत राहिलो. पेपरातलं एक अक्षर वाचलं नाही मी. तीस वर्षं मुलांना शिकवलं, पाळलेलं अज्ञान म्हणजे काय. त्या दिवशी ते माझ्याच मांडीवर बसलं होतं."

मी भांडायला गेले होते. आता भांडायला माणूसच उरला नाही. मी तिथेच पायरीवर बसले.

"माल उद्या दुपारी जाते," सर म्हणाले. "मी सकाळपर्यंत थांबतो. तुम्ही नाही सांगितलं तर मग मला सांगावं लागेल. पण ते तुमचं आहे. मी सांगितलं तर तुमचं हिसकावून घेतल्यासारखं होईल."

संध्याकाळभर मी स्वतःशी वाद घातला. तूप थोडंच होतं. पुसलं गेलं असेल. मग आठवायचं की तूप लावलेलं कुंकू देवघरातल्या पितळी घंटेवर महिनाभर राहतं, चिंचेने घासावं लागतं, आणि ते घासणारी मीच. त्या दुसऱ्या तोंडात तर बरोबर तुकडा शिरतच नाही, मग कुंकू झडणार कसं. तिथे ते बसलं असेल तर शनिवारपर्यंत तसंच बसलं असणार, तीन दिवस, आणि त्या तीन दिवसांच्या प्रत्येक तुकड्यावर एकोणचाळीस. हे सगळं मला यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःच ठेवली नव्हती. आणि सारखं डोळ्यांपुढे यायचं की मोहन कुठल्याशा चिखलात तोफेमागे उभा आहे, कानांवर हात ठेवून, आणि माझ्या तुपाची त्याला काही कल्पना नाही.

सोमवारी सकाळी हे बुटाच्या नाड्या बांधत असताना मी सांगितलं. "कुंकू कोरडं नव्हतं. तूप घातलं होतं मी. तुम्ही नको म्हटल्यावर घातलं."

यांचे हात थांबले. "वरून तर कोरडं दिसून राहिलं होतं."

"वर भुरभुरलं होतं."

"काहून?"

"गळलं असतं तर... मोहन आहे तिकडे."

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. यांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, नीट, दोन फास घालून, आणि डबा न घेता गेले. मी डबा घेऊन फाटकापर्यंत धावले, पण सायकल पार वळणाशी पोहोचली होती.

माल गाडीत चढता चढता थांबला. तीन हजारांवर तुकडे पुन्हा तपासले. एकवीस बारीक निघाले. मला वाटायचं, एकही निघू नये, किंवा मग निघाले तर पुष्कळ निघावेत, म्हणजे सांगितल्याचं चीज होईल. एकवीस. प्रत्येकावर यांचा आकडा. यांनी तो आडवी रेघ मारून स्वतः खोडला, एकवीस वेळा.

चौकशी झाली. कुंकवात तूप होतं, हे यांनी लिहून दिलं. कोणी घातलं, यावर लिहिलं, "माझ्या घरी कालवले. गेजवर लावण्याआधी पाहणे माझे काम होते. मी पाहिले नाही." तुळशीरामचं नावही येऊ दिलं नाही. पंच काढून घेतला, प्रमोशन गेलं आणि बदली पॅकिंगमध्ये झाली. आपणही पाहून गप्प राहिलो हे सांगायला दिवाकरसर कारखान्याच्या साहेबांना भेटायला निघाले होते, यांनी त्यांना जिन्यातच अडवलं. "सर, तुमचं अज्ञान तुमच्यापाशी ठेवा," म्हणाले. सर हसले, पण त्यांचे डोळे भरले होते.

डिसेंबरात लढाई झाली. खिडक्यांना काळे कागद लावून आम्ही रेडिओ ऐकायचो. मोहन सुखरूप परत आला. त्याला मी काही सांगितलं नाही. हे माझ्याशी बोलायचे, सगळं बोलायचे, भाजी, बाजार, पाणी, पण तुपाबद्दल एक शब्द नाही. वरण-भातावर तूप वाढताना माझा हात थबकायचा, आणि हे ताट थोडं पुढे करायचे, एवढंच. शर्टाच्या खिशावर डाग पडेनासा झाला. धुताना मी तरी तिथेच जास्त घासायची.

पुढच्या दसऱ्याला यांच्याकडे पूजेला गेज नव्हता. सकाळी यांनी घरातली हत्यारं पाटावर मांडली, विळी, कात्री, अडकित्ता, सायकलचा पाना. सर वरून खाली आले आणि या वेळी दाराशी न बसता पाटापाशी येऊन बसले. मी डबी आणली. कोरडं कुंकू. मी विळीच्या पात्याला कुंकवाचं बोट लावलं, आणि ते ठरलं नाही. अर्धं पाटावर गळलं. माझा हात तिथेच राहिला. मी यांच्याकडे पाहिलं.

हे त्या गळलेल्या कुंकवाकडे पाहत होते.

"पडू दे," हे म्हणाले.