सेराफिनाची धर्ममाता

रविवारी सकाळी सात वाजता सेंट व्हिन्सेंट बेटाच्या आडोशाला समुद्र तेलासारखा गुळगुळीत झाला आणि 'सेराफिना'चं मोठं शीड ओल्या चादरीसारखं लोंबू लागलं.

थिओनाने घड्याळ पाहिलं. साथीमुळे ग्रेनाडाची सगळी बंदरं संध्याकाळी सहाला बंद होणार होती. रेडिओवर शुक्रवारपासून तेच चालू होतं. सहाच्या आत जो पोचेल त्याने चौदा दिवस आपल्याच होडीवर नांगरून राहायचं. सहानंतर येणाऱ्याला आत जागा नाही, मग तो परका असो की घरचा. घर असलेलं, ग्रेनाडाचंच कॅरिआकू बेट अजून एक्केचाळीस मैलांवर होतं आणि सेराफिनाला इंजिन नव्हतं.

चूक थिओनाचीच होती. अल्बानकाका बेटाच्या बाहेरून, मोकळ्या समुद्रातून जायचं म्हणत होते. तिने नकाशावर पट्टी ठेवून दाखवलं होतं की आतली वाट नऊ मैलांनी जवळची आहे आणि डोंगराने अडवलेला वारा किनाऱ्यापासून इतक्या दूरवर मंदावेल, पण थांबणार नाही. तो ठार थांबला होता.

"विद्यापीठात वारा शिकवतात ना गं?" कॉस्मो म्हणाला. तो त्रेसष्ट वर्षांचा, होडीवरचा स्वयंपाकी आणि डोकं खाणारा. थाळीत खारवलेला मासा आणि उकडलेली केळी वाढता वाढता तो थांबला. "मग हा कोणत्या वर्गात बसलाय, जरा बोलवून आण."

"कॉस्मो, आधी मासा वाढ," थिओना म्हणाली.

"वाढतोय, आईसाहेब."

आईसाहेब हे नाव अकरा वर्षांपूर्वीचं. कॅरिआकूवरच्या विंडवर्ड गावात होडी बांधून झाली की तिचा बाप्तिस्मा होतो आणि बाप्तिस्मा म्हटला की धर्मपिता आणि धर्ममाता आल्याच. एरवी धर्ममाता म्हणून गावातली एखादी वजनदार बाई निवडतात. सेराफिनाच्या वेळी अल्बानकाकांनी आपल्या बारा वर्षांच्या पुतणीला उभं केलं. कारण विचारलं तर म्हणाले, होडी माझ्यानंतरही जगणार आहे, तिची आई म्हातारी कशाला? त्या दिवशी थिओनाने नावाचा झेंडा उलगडला, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं आणि काकांनी सगळ्या गावासमोर सांगितलं, "ही अडचणीत आली तर शेवटचा शब्द हिच्या आईचा." लोक पोट धरून हसले होते. काका हसले नव्हते.

आता थिओना तेवीस वर्षांची होती. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती डिसेंबरातच त्रिनिदादहून परतली होती. पंधरा दिवसांचा दौरा ठरला होता, अँटिग्वाच्या शर्यती आणि मग उत्तरेकडची दोन बेटं. पहिली शर्यत झाली. ती सेराफिनाने जिंकली, तीही चकचकीत परदेशी होड्यांना मागे टाकून. दुसऱ्या दिवशी माईकवरून सांगण्यात आलं की रोगामुळे पुढचं सगळं रद्द, ज्याने त्याने आपलं घर गाठावं. चषक द्यायलाही कुणी थांबलं नाही. चौथ्याच दिवशी दौरा गुंडाळून ते चौघं निघाले: काका, कॉस्मो, थिओना आणि तिचा मावसभाऊ डेव्हलिन. वाटेतलं प्रत्येक बेट दुरूनच दिसलं. एकाही बंदराने आत घेतलं नसतं.

सहा चुकले तर काय, हे कुणी उघड बोलत नव्हतं. माणसांची सोय कुठेतरी झालीच असती. पण होडी परक्या किनाऱ्यावर सोडावी लागली असती, आणि जूनमध्ये वादळांचा हंगाम सुरू होतो. नांगरावर एकटी उभी राहिलेली लाकडी होडी त्यात टिकत नाही. गावाने झाडं निवडून, वाकड्या फांद्यांचे बाक हेरून, कागदावर एकही रेघ न ओढता निव्वळ नजरेने बांधलेली ती होडी होती. तशी दुसरी बांधायला आता हात कमीच उरले होते.

उत्तरेकडून घरघर आली. तीन मजली पांढरी यांत्रिक नौका जवळ येऊन मंदावली. वरच्या कठड्याशी मास्क लावलेला गोरा कप्तान उभा होता.

"कुणाला खोकला, ताप?" त्याने ओरडून विचारलं.

"नाही!" काका ओरडले. "तुमच्याकडे?"

तो हसला. "आम्ही ग्रेनाडालाच चाललोय. दोर टाकू का? दुपारी दोनपर्यंत पोचवतो. काही द्यायला नको."

डेव्हलिन उठून उभाच राहिला. कॉस्मोची थाळी हातातच राहिली. अल्बानकाकांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांना पाठुंगळीला बसून घरी चला म्हटलं होतं. विंडवर्डच्या होडीला आजवर कुणी ओढून घरी आणलं नव्हतं. निदान काकांच्या माहितीत तरी नाही, आणि त्यांची माहिती फार मागे जायची.

"काका, 'हो' म्हणा," डेव्हलिन दबक्या आवाजात म्हणाला. "गावात कोण बघायला येतंय? सगळे घरात कोंडलेत."

"मी बघतोय की," काका म्हणाले. मग त्यांनी सुकाणूवरचा हात काढला आणि थिओनाकडे पाहिलं. "बोल. शब्द तुझा."

"माझाच चुकीचा हिशेब आपल्याला इथे घेऊन आलाय."

"म्हणून आईपण सुटत नाही."

थिओनाला 'नको' म्हणायचं होतं. तो शब्द घशाशी आला होता, आणि म्हणूनच तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. सकाळी एक अंदाज तिने मोजल्याशिवाय खरा मानला होता. ती वर पाहत म्हणाली, "सर, दहा मिनिटं थांबता का?"

कप्तानाने खांदे उडवले. "दहा."

"डेव्हलिन, काठीवर चढ. दक्षिणेला पाणी कुठे काळं पडतंय बघ."

डेव्हलिन माकडासारखा डोलकाठीच्या टोकाला गेला. "बेटाच्या शेवटच्या टोकापाशी! तिथून पुढे सगळं काळं आहे, पांढरे तुरेही दिसतायत!"

काळं पाणी म्हणजे वारा. नकाशावर बेटाचं दक्षिण टोक पाच मैलांवर होतं. तिथून पुढे छत्तीस मैल. चांगल्या वाऱ्यात सेराफिना तासाला सात मैल सहज काढायची, म्हणजे सव्वापाच तास धरायचे. उरला एकच आकडा, आणि तो कुठल्या पुस्तकात नव्हता.

"काका, तुम्ही आणि डेव्हलिन छोट्या होडीत उतरा. दोर बांधा आणि ओढा. जोर लावू नका, दिवसभर ओढायचंय असं समजून ओढा."

मागे बांधलेली वल्ह्यांची होडी पुढे आली. दोर ताठ झाला. आधी काहीच घडलं नाही. मग सेराफिना, चार टनांची, झोपेतून उठल्यासारखी हलली. पाच मिनिटं थिओनाने तिला वेग धरू दिला. मग ती पुढच्या टोकाशी गेली, नारळाच्या सोडणाचा एक तुकडा पाण्यात टाकला आणि मोठ्याने मोजत मागे चालू लागली. होडी बत्तीस फुटांची. तुकडा मागच्या टोकाला आला तेव्हा पंधरा सेकंद झाले होते. तिने पुन्हा टाकला. पंधरा. तिसऱ्यांदा सोळा.

तासाला सव्वा मैल. पाच मैलांना चार तास. आता सव्वासात, म्हणजे सव्वाअकरा. त्यात सव्वापाच मिळवले की साडेचार. हातात दीड तास उरत होता.

तिने मनात बेरीज पुन्हा केली, मग उलटीकडून केली.

"धन्यवाद, सर!" ती ओरडली. "आम्ही येतो आमचे!"

"खात्री आहे?"

"आहे!"

कप्तानाने टोपी किंचित उचलली आणि नौका निघून गेली. तिच्या लाटांवर सेराफिना बराच वेळ डुलत राहिली.

"पंधराऐवजी पंचवीस आले असते तर?" वल्ही मारता मारता डेव्हलिनने विचारलं.

"तर दोर घेतला असता."

"काकांसमोर?"

"काकांसमोर."

काका पुढे वाकून वल्हं मारत होते. त्यांची पाठ क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली. मान खाली घालून त्यांनी पुढचं वल्हं ओढलं.

अर्ध्या तासाने पाळी बदलायची असं ठरलं. थिओना आणि डेव्हलिन, मग काका आणि कॉस्मो. कॉस्मो वल्ह्यावर बसला तो तोंड चालू ठेवूनच. "माझी बायको विचारेल, अँटिग्वाला काय केलंस? सांगेन, घोडा झालो." नऊ वाजता थिओनाने मोजलं, सतरा सेकंद. दहाला एकोणीस. थकव्याचा हिशेब तिने धरलाच नव्हता, आणि हात तर कुणाचेच सकाळचे राहिले नव्हते. तळहातांवर फोड आले आणि फुटले. दीड तासातला अर्धा तास गेला. मग आणखी दहा मिनिटं. तिने प्रत्येक आकडा मोठ्याने सांगितला.

"लपवलास तरी चालेल गं," डेव्हलिन धापा टाकत म्हणाला.

"लपवायला लागले तर सकाळचा पंधराही खोटा वाटेल तुला," ती म्हणाली आणि वल्हं ओढलं.

बाराला पाच कमी असताना तिच्या उजव्या गालाला गार लागलं. आधी वाटलं घामच आहे. मग सेराफिनाचं शीड एकदा फडफडलं, दुसऱ्यांदा फुगलं, आणि दोर अचानक सैल झाला, कारण सेराफिना स्वतःच त्यांच्या अंगावर येत होती.

"चढा, चढा! नाहीतर आई लेकीखाली चिरडायची!" कॉस्मो ओरडला.

पुढचे पावणेसहा तास सगळ्यांचे हात दोरांवर होते. सेराफिना एका अंगावर झुकून धावत होती, फेस कठड्यापर्यंत चढत होता. दोनच्या सुमारास वारा नरमला तेव्हा काकांनी दुसरं शीड चढवलं, जे अँटिग्वातही चढवायचं धाडस त्यांनी केलं नव्हतं. बेक्विया मागे पडलं, मग कानुआन, मग युनियन. पाच वाजता कॅरिआकूचा डोंगर दिसला. थिओना घड्याळ आणि डोंगर यांच्यात नजर फिरवत राहिली, आणि काका फक्त शिडाकडे.

पाच वाजून त्रेचाळीस मिनिटांनी त्यांनी कॅरिआकूच्या हिल्सबरो बंदरात नांगर टाकला.

सरकारी होडीवरचा तरुण अधिकारी दहा फुटांवर थांबून अर्ज भरू लागला. "मागचं बंदर?"

"अँटिग्वा."

"मधली बंदरं?"

"एकही नाही," काका म्हणाले.

"इंजिनाची ताकद?"

"इंजिन नाही."

अधिकाऱ्याने मान वर करून पाहिलं. "मग सकाळी त्या पांढऱ्या नौकेने ज्यांची चौकशी केली ते तुम्हीच? तो सांगत होता, मागे एक शिडाची होडी आहे, ती काही सहाच्या आत येत नाही, तिच्यासाठी जरा फाटक उघडं ठेवा."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" थिओनाने विचारलं.

"मी म्हटलं, विंडवर्डची असेल तर ठेवायची गरज नाही." त्याने सही केली. "माझी आजी तिथली."

अल्बानकाकांनी घसा खाकरला आणि दुसरीकडे पाहिलं.

किनाऱ्यावर लोक उभे होते. गर्दी करायची नाही असा हुकूम होता, म्हणून सहा-सहा फुटांवर एकेक, पार घाटापासून बाजारापर्यंत. विंडवर्डचे बरेच जण टेकडी ओलांडून आले होते. मधोमध काठी रोवून नेहेमाया उभा होता, होडी बांधणारा, एक्क्याऐंशी वर्षांचा. तो माणसांकडे पाहत नव्हता. तो सेराफिनाची पाण्याला टेकलेली रेघ पाहत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

"तळातून पाणी किती घेतलं?" त्याने हाक दिली.

काकांनी फक्त थिओनाकडे बोट दाखवलं.

"साडेतीन बादल्या!" ती ओरडली. "शुक्रवार दुपारपासून!"

नेहेमायाने मान हलवली. मग तो सहा फुटांवरच्या शेजाऱ्याकडे वळला आणि आख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "पोरीने मोजलंय हं."

थिओना खाली बसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने घड्याळ काढून बाजूला ठेवलं. तळहात इतके सुजले होते की मूठ मिटत नव्हती. काका तिच्या शेजारी येऊन टेकले.

"पंचवीस आले असते तर," ते म्हणाले, "दोर मी माझ्या हाताने बांधला असता. तू म्हणाली असतीस तर."

"माहीत आहे, काका."

"तुला कसं माहीत?"

"मान खाली घातली होतीत, पण वल्हं सोडलं नव्हतंत."

कॉस्मोने मागून विचारलं, "चौदा दिवस! आईसाहेब, जेवायला काय करू?"

"आधी माझे हात धू," थिओना म्हणाली, "मग बघू."