मागे उभा राहणारा स्पीकर

आमच्या बँडला नवा स्पीकर घ्यायचं ठरलं ते ड्रमवाल्याच्या कमरेमुळे. जुने दोन बॉक्स म्हणजे दोन कपाटंच. ते उचलता उचलता त्याच्या मणक्याची चकती सरकली, तेव्हा डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि "पुन्हा बॉक्स उचललास तर माझ्याकडे येऊ नकोस" असा दमही दिला. तरी गेल्या रविवारी लग्नाच्या हॉलचे दोन जिने ते बॉक्स त्यानेच चढवले, कारण कीबोर्डवाल्या मास्तरांची बोटं नाजूक आहेत आणि काकांचं वय झालंय. मी मिक्सर उचलते. वजनाला हलका आहे, पण जबाबदारी मोठी.

कसली जबाबदारी, ते सांगते. काका, म्हणजे माझे सख्खे काका, बँडचे मालक आणि मुख्य गायक. एके काळी काय गळा होता! आता बासष्टाव्या वर्षी वरची पट्टी कुठली झेपायला! म्हणून तशी ओळ आली की मी हळूच मिक्सरवरून त्यांच्या माइकचा आवाज खाली घेते, माझा वर करते आणि स्वतः गाऊन वेळ मारून नेते. तीन वर्षं हे चाललंय. घरच्या माणसाची अब्रू झाकणं म्हणजे काय ते मला विचारा! लोक टाळ्या वाजवतात. काकांना वाटतं, त्यांच्यासाठी. वाटू दे बापड्यांना.

दुकानदाराने एक उंच, बारीक, खांबासारखा स्पीकर काढला. खाली छोटासा बेस बॉक्स, वर खांबाचे तीन तुकडे. काम झालं की सुटे करा, पिशवीत घाला, चालू लागा. ड्रमवाल्याने तो एका हाताने उचलून बघितला आणि त्याचे डोळेच भरून आले. मास्तर महिनाभर माहितीपत्रकं पाठ करून आले होते. वॉट किती, आवाज किती अंशात पसरतो, विचारून विचारून त्यांनी दुकानदाराला घाम फोडला. आम्ही गात असतो तेव्हा अख्खा हॉल जेवणाच्या रांगेत असतो. तिथे अंश कोण मोजतंय?

"आणि हा तुमच्या पुढे नाही, मागे उभा करायचा," दुकानदार म्हणाला. "म्हणजे पाहुणे ऐकतात तेच तुम्हालाही ऐकू येतं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. जुने बॉक्स आमच्या पुढे असत, तोंड पाहुण्यांकडे. आमच्या वाट्याला नुसता गोंगाट. त्या गोंगाटाच्या जिवावर तर मी काकांना सांभाळलं होतं. आता ते स्वतःला ऐकणार आणि त्याच दिवशी गाणं सोडून घरी बसणार. काकू गेल्यापासून त्या माणसाला गाण्याशिवाय दुसरं आहे काय?

"मला नाही आवडला," मी म्हणाले. "काळा आहे."

"आणि जुने काय गुलाबी आहेत?" मास्तर म्हणाले.

"अगं, आधी ऐकून तर बघू!" ड्रमवाला कळवळला.

दुकानदाराने काकांच्या आणि माझ्या हातात माइक दिले आणि मिक्सरपाशी स्वतः बसला. "मी करते, मी करते" म्हणत मी दोनदा पुढे झाले, पण तो पठ्ठ्या जागचा हलेना. काकांनी नेहमीचं गाणं धरलं. आवाज जाडाभरडा झाला होता, पण सूर मात्र जागच्या जागी. मग वरची ओळ आली आणि सवयीने मीही सुरू झाले.

तेवढ्यात मागून कुणीतरी बेसूर गायला लागलं. बाईचा आवाज, सुराच्या चांगला वीतभर खाली. कोण ही भवानी, म्हणून मी वैतागून वळले. मागे फक्त भिंत होती आणि तो खांब. मी गप्प झाले, तशी ती बाईही गप्प झाली. काकांनी ओळ एकट्याने पुरी केली, अगदी नीट.

मास्तरांना एकदम छताचे पंखे मोजावेसे वाटले. म्हणजे यांना सगळं माहीत होतं! मला मेलं तोंड लपवायला जागा सापडेना.

काकांनी माइक खाली ठेवला. "नको हो हा. आवाज फार पातळ आहे. आमचे जुनेच बरे."

"जुनेच बरे," ड्रमवाला लगेच म्हणाला, आणि त्याने कमरेचा पट्टा आणखी आवळला.

मला रडूच फुटलं. "काका, मी तुमचा माइक खाली घेते, ते ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं की. पण तुझी किती हौस, बाळा."

मी डोळे पुसले. "हाच द्या," मी दुकानदाराला म्हटलं. "आणि माइक एकच पुरे."

ड्रमवाला खांब काखेत मारून दारापर्यंत पोचलासुद्धा.

"माइक दोन द्या," काका म्हणाले. "खालच्या पट्टीत बरी गाते ही."

बरी! तीन वर्षांत माझ्या गाण्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदा खरं बोललं होतं.