मागायचं नाही, विकायचं

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या त्या बाईला तिचा नवरा 'तपासणीबाई' म्हणायचा. कौतुकाने म्हणायचा तेव्हा तिला ते आवडायचंही. एका बाटलीवर तिचा विश्वास नसे, मग ते नळाचं पाणी असो की नातेवाइकांचं बोलणं. एकाच नळाच्या दोन बाटल्या भरायच्या, दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या आणि उत्तर जुळलं तरच कागदावर सही करायची, हा प्रयोगशाळेचा नियम तिने केव्हाच घरी आणला होता.

सध्या तिच्यापुढे प्रश्न होता तो समुद्रकाठच्या एका आठवड्याचा. रिसॉर्टमधल्या दोन खोल्या, पुढे गॅलरी, दरवर्षी एक आठवडा आपला, आणि असं पंचवीस वर्षं. हा आठवडा कंपनीकडून थेट घ्यायचा, की आधीच कुणी घेऊन ठेवलेला रिसेलमध्ये घ्यायचा? तिची अकरा वर्षांची आवर्त ठेव शुक्रवारी पुरी होत होती. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात दोघं समुद्रावर गेले होते एकदाच. तेही नवऱ्याच्या ऑफिसच्या सहलीत, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बसमध्ये ओल्या पायांनी बसल्या बसल्या तिने ठरवलं होतं की पुन्हा येऊ तेव्हा कुणी शिट्टी वाजवून बोलावणार नाही. पुढच्याच महिन्यापासून ती पगारातून ठरावीक रक्कम बाजूला टाकायला लागली. त्या पैशाला तिने दुसरं काही करू दिलं नाही. दाढ दुखली तेव्हा दुसरीकडून भागवलं, पण तिथे हात लावला नाही.

थेट घ्या, असं छातीठोकपणे सांगणारा होता तिचा थोरला दीर. त्याला सगळे दादा म्हणत. पाच वर्षांपूर्वी त्याने त्याच रिसॉर्टचं सभासदत्व घेतलं होतं, आणि कुणीही भेटलं की खिशातून फोन काढून तिथले फोटो दाखवायचा.

"रिसेल?" मंगळवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा नाक मुरडून म्हणाला, "अगं, रिसेल म्हणजे दुसऱ्याचे उतरलेले कपडे. कंपनी विचारतसुद्धा नाही अशा लोकांना. मागच्या बाजूची खोली देतात, कचऱ्याच्या डब्यांसमोरची. थेट घेतलंस तर मानाने जाशील. शनिवारी अकराला कंपनीच्या ऑफिसात भेट ठरवलीय मी."

"पण दादा, रिसेलची किंमत आठवा हिस्सा आहे," ती म्हणाली. "करार तोच. गॅलरी तीच. मी वाचलाय."

"वाचलाय! छोट्या, ऐक तुझी बायको काय म्हणतेय. समुद्रावर जायचंय की परीक्षेला बसायचंय?"

छोट्या म्हणजे तिचा नवरा. वय सेहेचाळीस. तो हसला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

दादा बसला होता तो सोफा दादाचाच होता. म्हणजे आधी दादाचा. चार वर्षं वापरून त्याने तो धाकट्या भावाला विकला होता. फ्रिजही त्याचाच, पाणी तापवायचा बंब त्याचाच, आणि खाली उभी असलेली स्कूटर तर दोनदा त्याची होती, कारण मध्ये एकदा त्याने ती परत विकत घेतली होती. सासऱ्यांनी हयातभर दोघा मुलांना एकच बजावलं होतं: भावाकडे कधी पैसे मागायचे नाहीत, त्याने नातं नासतं. मुलांनी वडिलांचा शब्द पाळला. दादाला अडचण आली की तो मागत नसे. काहीतरी विकायला काढी. धाकटा घासाघीस करत नसे, आणि कशाला लागतात म्हणून विचारतही नसे. वस्तू टेम्पोतून यायची, पैसे पाकिटातून जायचे, आणि दोघंही ताठ मानेने वागायचे. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं की या भावांना जुन्या वस्तूंची आवड आहे. खरं काय ते कळायला तिला तीन वर्षं आणि एक मोडकं कपाट लागलं.

तर असा हा माणूस जुन्या सोफ्यावर रेलून जुन्या वस्तूला नावं ठेवत होता. तिला हसू आलं होतं. तेव्हा फक्त हसूच आलं होतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने रिसेलच्या तीन जाहिराती निवडल्या. पहिल्या माणसाने फोन उचलताक्षणी किंमत निम्मी केली. दुसरा म्हणाला, "बाई, फुकट घ्या, पण हस्तांतराचा खर्च तुम्ही करा." तिने दोन्ही उत्तरं वहीत लिहिली आणि तिसरा नंबर लावला. मे महिन्याचा तिसरा आठवडा, समुद्राकडे तोंड, तातडीने विकणे आहे.

"हो, आहे अजून," पलीकडून एक बाई म्हणाली. "दोन वर्षांपासून आहे. बोला."

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. नमुने उबवायच्या उष्णकपाटाचं दार उघडं राहिलंय म्हणून शेजारच्या टेबलावरची मुलगी ओरडली, तरी ती जागची हलली नाही.

"वहिनी?"

पलीकडून तिची जाऊ हळूच म्हणाली, "हे सिमकार्ड कुणाला माहीत नाही म्हणून घेतलं होतं ग."

"तुमचा आठवडा विकताय?"

"विकतोय कुठे, कुणी घेईल तर ना. वर्षाचा देखभालीचा खर्च दरवर्षी वाढतो. तो थेट घेतलेल्यालाही तेवढाच आणि रिसेलवाल्यालाही तेवढाच. त्यात तिथेच चांगलं हॉटेल मिळेल आठवडाभर. तीन वर्षं आम्ही भरला नाही. थकला की खोली देत नाहीत."

"तीन वर्षं? पण मागच्या महिन्यात दादांनी फोटो दाखवले."

"ते पहिल्या वर्षीचेच. भरपूर काढले होते. पुरवून पुरवून दाखवतात."

एखाद्या दुसऱ्या दिवशी दोघी यावर पोट धरून हसल्या असत्या.

"मग आम्हाला थेट घ्या म्हणून का सांगतायत?"

जाऊ म्हणाली, "कंपनीचा नियम आहे. थेट घेणारा नवा सभासद आणला की जुन्याची थकबाकी माफ होते आणि त्याला बाहेर पडू देतात. रिसेलचा चालत नाही. मी तुला सांगितलं म्हणून सांगू नकोस. नाहीतर सांग. मला आता काही वाटत नाही."

त्या दिवशी तिने तीन नमुने चुकीच्या खणात ठेवले, ते काढले, आणि पुन्हा चुकीच्याच खणात ठेवले. सतरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

घरी आली तेव्हा नवरा शनिवारसाठी शर्टाला इस्त्री करत होता. तिने चपलाही काढल्या नाहीत. दारातच उभी राहून सगळं सांगितलं. तो कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. त्या तिसऱ्या वेळेला तिला कळलं.

"तुला माहीत होतं."

"दादाने मागितलं नाही काही," तो म्हणाला. "मी त्याच्याकडे कागद बघितले. पहिली नोटीस आली होती. तो एवढंच म्हणाला, तुमचंही घ्यायचं चाललंय ना, तर थेट घ्या. मी म्हटलं, बघतो."

"कधी?"

"महिना झाला."

महिनाभर ती रोज रात्री जेवणं आटोपल्यावर या टेबलावर तक्ते मांडत होती. एका बाजूला थेट, दुसऱ्या बाजूला रिसेल. आणि हा समोर बसून विचारत होता, काय निघतंय उत्तर, तपासणीबाई?

"माझी गंमत बघत होतास?"

"नाही ग. मला वाटलं, तुला आठवडा हवाच आहे. तुलाही मिळेल, दादाही सुटेल. तुझं काय जाणार होतं?"

"आठपट किंमत जाणार होती! अकरा वर्षं जाणार होती! आणि दादा सुटला की त्या खोड्यात मी!" तिचा आवाज चढला, आणि तो चढलेला ऐकून तिचं तिलाच नवल वाटलं. "सोफा घेतला, मी बोलले नाही. फ्रिज घेतला, दर उन्हाळ्यात तो बंद पडतो, मी बोलले नाही. ते तुझे पैसे होते. हे माझे आहेत. मला एका शब्दाने विचारायचं नाही?"

"आमच्यात मागत नाहीत, तुला माहितेय."

"तुमच्यात मागत नाहीत, गळ्यात मारतात."

त्याने इस्त्री उभी केली. शर्टावर कॉलरखाली पिवळट डाग पडला होता. "दादाला काय सांगू शनिवारचं?"

"सांग, येतोय म्हणून."

"म्हणजे सही करणार?"

"अकराला येतोय, एवढंच सांग."

शनिवारी कंपनीच्या कार्यालयात गार हवा आणि काचेची गोल टेबलं होती. दादा आधीच येऊन बसला होता, नवा शर्ट घालून. विक्रेता पोरगेलासा होता, पण त्याच्या टायची गाठ अशी घट्ट होती की तिलाच गुदमरल्यासारखं झालं. त्याने तिला ताई म्हटलं, मग मॅडम म्हटलं, मग पुन्हा ताई म्हटलं.

"आजच्या दिवसापुरती सवलत आहे, ताई. उद्या हीच किंमत मी माझ्या सख्ख्या आईलाही देऊ शकणार नाही."

"आईंनी घेतलंय?" तिने विचारलं.

"अं? नाही, त्यांना प्रवास झेपत नाही."

दादा मोठ्याने हसला. "बघ, मी सांगत होतो ना, ही उलटतपासणी घेणार. लिही रे तू, लिही."

"सभासदत्व सोडायच्या अर्जाचा नमुना आहे का तुमच्याकडे?" ती विक्रेत्याला म्हणाली. "मला नको. यांना हवाय. यांची तीन वर्षांची थकबाकी आहे, आणि मी सही केली की ती माफ होणार. बरोबर?"

विक्रेत्याने दादाकडे पाहिलं. दादाने आपल्या भावाकडे पाहिलं. भावाने काचेच्या टेबलातून स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

"घरच्या गोष्टी घरी बोलतात," दादा दबक्या आवाजात म्हणाला.

"घरी तुम्ही फोटो दाखवता."

तो ताडकन उठला. त्याची खुर्ची मागे सरकून काचेच्या भिंतीवर आदळली. "छोट्या, चल. मी काही कुणापुढे हात पसरायला आलो नव्हतो."

"नव्हतात ना!" तीही उठली. आजूबाजूच्या टेबलांवरची जोडपी वळून बघायला लागली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. "हात पसरला असतात तर मला दिसला तरी असता. तुम्ही माझ्या आवडीची जागा हेरून तिथेच खिसा कापायला निघालात. वर म्हणे मानाने जाशील!"

तिघं खाली रस्त्यावर आले. विक्रेता सवलतीचा कागद हलवत जिन्यापर्यंत आला आणि तिथून परत फिरला. फुटपाथवर मोटारींच्या रांगेशेजारी दोघं भाऊ पाठीला पाठ लावल्यासारखे उभे राहिले. दादाचं तोंड लाल झालं होतं. त्याने किल्ली काढली, पुन्हा खिशात टाकली.

"छोट्या," तो गाड्यांकडे बघत म्हणाला, "तो माझा टीव्ही आहे ना, मोठा..."

"नको, दादा," नवरा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने भावाला वाक्य पुरं करू दिलं नाही. "टीव्ही नको. काय हवंय ते सांग. आणि मला नको सांगू, माझ्याकडे नाहीत. तिच्याकडे आहेत."

एक बस येऊन गेली. दादा वळला. इतकी वर्षं ती त्याला ओळखत होती, पण त्याचा चेहरा असा रिकामा तिने पाहिला नव्हता.

"अगं," तो म्हणाला. घसा साफ केला. "त्यांची दुसरी नोटीस आलीय. तीन वर्षांचे पैसे... भरशील का? जमेल तसे परत करीन."

त्याने मागितलं की आपला राग उतरेल, अशी तिची खात्री होती. तीन रात्री ती त्याच एका वाक्याची वाट बघत पडली होती. आता ते आलं होतं, मोडकंतोडकं, भर रस्त्यात, आणि राग तसूभरही हलला नव्हता. उलट एक गोष्ट तिला एकदम स्वच्छ दिसली: या घरात आजवर कुणी मागितलं नव्हतं, म्हणून कुणाला नाही म्हणायची सोयही नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

दादाने मान खाली घातली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"विचारलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण नाही. तुमचा करार वहिनींकडून मागवून मी काल वाचला. बाहेर पडायचं कलम त्यात आहे, शेवटून दुसऱ्या पानावर. अर्ज मी लिहून देईन. त्यांनी दाद दिली नाही तर ग्राहक मंचाकडेही लिहीन. पैसे देणार नाही."

"ते कलम मला कुणी दाखवलं नाही," दादा म्हणाला.

"तुम्ही वाचलं नाहीत."

तो मोटारीत बसला आणि निघून गेला. नवरा तिथेच थांबला. थोड्या वेळाने म्हणाला, "घरी?"

"तू जा. माझं डोकं अजून तापलेलं आहे."

"मग मी थांबतो."

"थांब. पण बोलू नकोस."

काल पुरी झालेली ठेव होती त्या बँकेच्या दिशेने ती भरभर चालू लागली. तो दोन पावलं मागे राहून चालत होता, आणि तिने वेग कमी केला नाही.